तीन फॉन्ट आणि एक सिद्धता

आमच्या बनशंकरीच्या कॉलेजात अजून सांगतात, की गणित शिकवायच्या जागेसाठी आलेल्या त्या उमेदवाराला गणित येत नव्हतं म्हणून आम्ही त्याला घेतलं नाही. निवड समितीत मी होतो. ते खोटं आहे.

तो बेळगावकडचा, सडपातळ माणूस. प्रमेयाची पहिलीच स्लाइड पडद्यावर आली आणि अध्यक्ष कन्नडमध्ये म्हणाले, "स्वल्प, जरा थांबा. सूत्रांची अक्षरं अशी काड्यांसारखी का? गणित पुस्तकातल्यासारखं दिसायला हवं."

त्यानं बाहीला एक घडी घातली आणि फॉन्ट बदलला. सूत्रं तिरकी, डौलदार झाली. समितीतले दुसरे विद्वान म्हणाले, "आता मागून वाचता येत नाही." त्यानं बाहीला आणखी एक घडी घालून जाड फॉन्ट लावला. सूत्रं फुगून स्लाइडबाहेर गेली.

"हा तर निवडणुकीचा फलक झाला," मी म्हणालो. सगळे हसले.

तो माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "फॉन्ट तुम्ही सावकाश ठरवा, सर. सिद्धता थांबेल तोवर."

तेवढ्यात त्याची वेळ संपली. मला ते तिन्ही फॉन्ट अजून आठवतात. सिद्धता काय होती, ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.