हं म्हणायला कुणीतरी

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. पण ते इंग्रजी जित्या माणसाशी बोलायची वेळ आली ती पूर्णेच्या एका एसटीडी बूथवर. पलीकडं होती फिलिपिन्सची एक बाई.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याची शेवटची वर्षं होती ती. वडील रेल्वेत गँगमन होते. ते गेले आणि क्वार्टर सुटलं. मी गावातच शाळेवर होते, भाड्याच्या एका खोलीत. मोर्च्यात खांद्याला खांदा लावून चाललेल्या मैत्रिणी लग्न होऊन पांगल्या होत्या. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचं काही कारण नसायचं.

शेजारी खाला राहायची. मोंढ्यात धान्य चाळायला जायची. नवऱ्यानं सोडलेली तिची एकुलती लेक आखातात घरकामाला गेली होती. आमच्याकडं आखातातला कुठलाही मुलूख म्हणजे दुबईच. कराराची मुदत संपून गेली तरी लेक येईना. आधी पत्रं यायची, मग तीही थांबली. खाला रोज संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची, अंधार पडला की उठून जायची.

एका शुक्रवारी बूथवाला लंगडत शाळेच्या फाटकाशी आला.

"म्याडम, कुणीतरी बाई इंग्रजीत बोलायलीय. खालाच्या पोरीचं नाव घ्यायलीय. 'कॉल अगेन' म्हणली, एवढंच कळलं मला."

खालाला घेऊन मी बूथवर गेले. बऱ्याच वेळानं घंटी वाजली. वर्गात धडा वाचते त्याच आवाजात मी म्हणाले, की मी शिक्षिका बोलते आहे. पलीकडून हसू आलं. "ओके, टीचर." तिनं तिचं नाव सांगितलं, ते मी इथं लिहीत नाही. मी तिला शेवटपर्यंत सिस्टरच म्हटलं, आणि ती मला टीचर.

तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच, विटा रचल्यासारखं. म्हणून मला कळलं. तीही घरकामाला होती, खालाच्या लेकीच्या खालच्या मजल्यावर. तिला शुक्रवारी चर्चसाठी सुट्टी मिळे. प्रार्थना झाली की तिच्या मुलखातल्या बाया एकत्र बसत. कुणाचा पासपोर्ट मालकानं दाबून ठेवला, कुणाला मारलं, कुणाला कोंडलं, ते बोलत आणि वाट काढत. खालाच्या लेकीला बाहेर पडायची मुभा नव्हती. वाळत घातलेले कपडे काढताना ती वरून मोडक्यातोडक्या अरबीत बोले, ही खालून ऐके. पोरीनं आमच्या बूथचा फोन नंबर पाठ करून ठेवला होता.

"क्या बोल्री? खाती-पीती पूछो ना, म्याडम," खालानं माझा पदर ओढला.

आणि मग तिनं कान माझ्या कानाशी आणला. एक अक्षर कळत नव्हतं, तरी पलीकडच्या दर वाक्याला ती म्हणायची, "हं... हं."

"शेजारी कुणी कण्हतंय, बरं नाही का?" सिस्टरनं विचारलं.

मी म्हटलं, ही पोरीची आई. आमच्याकडं एकजण बोलत असलं की दुसऱ्यानं हं म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर बोलणारा थांबतो.

"मग तिला म्हणत राहू दे," सिस्टर म्हणाली.

पासपोर्ट मालकाकडं होता. सिस्टर म्हणाली, इथून आम्ही तुमच्या देशाच्या वकिलातीत जाऊ, पण तुमच्याकडूनही आईचं मागणं यायला पाहिजे, सरकारी कचेरीतून. मी अर्ज लिहिला, एक मराठीत, एक इंग्रजीत. खालाचा अंगठा घेतला आणि दोघी परभणीला गेलो.

कचेरीतल्या बाबूनं आधी मला आडनाव विचारलं, मग शिक्षण.

"बी.ए.? कुठल्या विद्यापीठाच्या? जुन्या नावाच्या का नव्या नावाच्या?" शेजारच्या टेबलावरचे हसले.

"डिग्री जुन्या नावाची हाय साहेब. नवं नाव आलं की पेढे देईन तुम्हाला," मी म्हटलं. "आज अर्ज घ्या आणि पोच द्या."

"ह्या बाईचं अन् तुमचं नातं काय?"

मी काही सांगायच्या आत खालाच म्हणाली, "मेरी पडोसन है. अंग्रेजी आती उसकू."

त्यानं शिक्का मारला.

मग नुसती वाट. शुक्रवारी आम्ही बूथवरच्या बाकड्यावर बसायचो. कधी फोन यायचा, कधी नाही. पोरगी जेवते. पोरीचा भाजलेला हात बरा आहे. वकिलातीतला माणूस मालकाला भेटला. मी मराठीत सांगायची, खाला डोळे मिटून हं म्हणायची. खरं बोलायचं तर त्या वर्षात मला आठवड्याचा एकच वार होता.

पोरगी आली. मुंबईहून गाडीनं, हातात एक पिशवी. तिच्या मनगटावर भाजल्याचा काळा डाग होता. खालानं तो पदरानं पुसायला घेतला, शाई असल्यासारखा. माझ्या खोलीत त्या दिवशी दोघी जेवल्या. पोरीला माणसांत बसायची सवय राहिली नव्हती, ताट घेऊन कोपऱ्यात गेली. आठवड्याच्या आतच दोघी पालमला तिच्या मामाकडं राहायला गेल्या. जाताना खाला म्हणाली, "आते रहो, म्याडम." शेजारच्या दाराला कुलूप लागलं.

शुक्रवारी मी बूथवर गेले. बूथवाला म्हणाला, "आता कुणाची वाट बघायलाय? पोरगी तर आली की."

मी बाकड्यावर बसले. फोन आला.

"पोचली का?" सिस्टरनं विचारलं.

पोचली, म्हटलं. आई कशी आहे? बरी आहे, गेली दुसऱ्या गावी. मग आम्हा दोघींकडं बोलायला काही उरलं नाही. ती म्हणाली, आता वरच्या मजल्यावर दुसरी मुलगी आली आहे, तिची भाषा अजून कळत नाही. मी विचारलं, तू सगळ्यांचे निरोप पोचवतेस, तुझा कोण पोचवतं?

"माझ्या गावात फोन नाही, टीचर. बेट आहे."

"मग मला सांग," मी म्हटलं. "तुझ्या भाषेत. मी ऐकते."

ती हसली. मग एक-दोन शब्द बोलली आणि थांबली.

"हं," मी म्हणाले.

मग ती बोलत गेली. मध्ये एकदा तिचा आवाज बसला, एकदा ती कुणावर तरी रागावल्यासारखी वाटली, एकदा लहान लेकराला लाडानं बोलावं तसं बोलली. मला एक शब्द कळला नाही. मी हं म्हणत राहिले, खालासारखी, डोळे मिटून. नाणी संपली असावीत, बोलता बोलताच फोन तुटला.

त्यानंतर तिचा फोन आला नाही.

त्या दिवशी रिसीव्हर ठेवल्यावर बूथवाल्यानं विचारलं, "काय म्हणत होती हो?"

"माहीत नाही."

"मग एवढा वेळ हं हं काय करायलता?"

"थांबली असती," मी म्हटलं, आणि घरी आले.