मामांचं रडणं

सर्व लहानथोरांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, माझ्या बहिणीच्या लग्नाची अक्षत, म्हणजे आमंत्रण, हातात घेताना माझे मामा रडले नव्हते. त्यांच्या रडण्याचा जो वृत्तान्त त्या हिवाळ्यात आमच्या शहरात धंतोलीपासून इतवारीपर्यंत पसरला, तो पहिल्या हुंदक्यापासून शेवटच्या हुंदक्यापर्यंत मी रचलेला होता. त्या दिवशी मी मामांना पाहिलंसुद्धा नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवरदेव कॉलेजात शिकवायचे, त्यांना रजा मिळणार ती नाताळातच. धनुर्मास आडवा येत होता, पण गुरुजींनी पंचांगाशी बराच वेळ झगडून एक मुहूर्त काढला. मंडपवाल्याच्या खुर्च्या विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनात अडकलेल्या, टॅक्स्या आमदारांना घेऊन फिरत होत्या. वडील त्या खुर्च्या-टॅक्स्यांच्या मागे होते. आईला खुर्च्यांचं काही नव्हतं. तिचा भाऊ येईल की नाही, एवढंच तिला खात होतं.

मामांची काटोलकडे संत्र्याची बाग होती. बारा वर्षांपूर्वी आमच्या नव्या घराच्या घरभरणीचं आमंत्रण घाईत पोस्टानं गेलं. ‘माणूस नाही आला, कारड आलं’ म्हणून मामा रुसले, आणि त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. आमच्यात नवरी लग्नाला उभी राहिली की तिच्या पाठीशी तिचा मामा उभा असतो. ती जागा रिकामी राहणार, या विचारानं आईचं जेवण कमी झालं होतं.

“तू जा गा,” ती मला म्हणाली. “दादाच्या हातात अक्षत दे, पाया पड. म्हण, आईनं पाठवलं. पोस्टात टाकू नको बरं.”

मी बावीस वर्षांचा होतो आणि एका हौशी नाटकात म्हाताऱ्या बापाचं काम करत होतो. त्या गुरुवारी एसटी स्टँडवर पोचलो तेव्हा काटोलची गाडी यायला दीड तास होता आणि तालमीला अर्धा. कुंकवाची बोटं लावलेलं ते अक्षतेचं पाकीट मी स्टँडबाहेरच्या लाल पेटीत टाकलं. नाताळ-नववर्षाच्या शुभेच्छापत्रांनी पेटी इतकी भरली होती की पाकीट दोनदा ढकलावं लागलं. दोनदा. म्हणजे विचार बदलायला वेळ मिळाला होता.

संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच उभी.

“भेटला दादा?”

“भेटले.”

“मंग?”

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती की तसा प्रेक्षक मला पुन्हा कधी मिळाला नाही. “बाजेवर बसले होते,” मी म्हणालो. “अक्षत कपाळाले लावली. अन् मंग रडले.”

“दादा रडला?”

“ढसाढसा. म्हणे, भाचीच्या लग्नाले दोन पेट्या संत्री घेऊन येतो. मामीनं पुरणाची पोळी वाढली, वरून तुपाची धार.”

नाटकाच्या दुसऱ्या अंकातलं माझं असंच रडणं दिग्दर्शकाला काही केल्या पटत नव्हतं. आईला पटलं. ती खाली बसली आणि तिनं पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या दिवसापासून मी माझे संवाद तिच्या तोंडून ऐकू लागलो. शेजारणीला, कासाराला, दळणाच्या रांगेत. तिनं त्यात पदरचा एक शब्द घातला नाही, बाजसुद्धा गाळली नाही. इतवारीतून मामांसाठी धोतर आणि उपरणं आणलं. संत्रा मार्केटात जाऊन अडत्याला सांगून आली की आम्हाला संत्री नको, माझा भाऊ आणून राहिला.

लग्नाला सहा दिवस होते. कोणत्याही सकाळी मला काटोलला जाता आलं असतं. सहाही दिवस तालीम होती. एकदा खरं सांगायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलोही. आई पाहुण्यांसाठी आणलेल्या रजया मोजत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “तुह्यामुळं माह्यं माहेर मले परत भेटलं गा.” मी पाणी पिऊन बाहेर आलो. हा किस्सा मी पुढे खूप ठिकाणी रंगवून सांगितला, लोक हसले. हे वाक्य मात्र मी गाळत आलो.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी मंडपात पाण्याच्या ड्रमाआड उभा होतो, कारण आई दर पाच मिनिटांनी फाटकाशी जाऊन येत होती आणि मला ते बघवत नव्हतं. तेवढ्यात फाटकाशी सायकल रिक्षा थांबली. मामा उतरले, मागून मामी. आणि पायदानावर संत्र्याच्या दोन पेट्या. क्षणभर मलाच वाटलं, मी खरंच काटोलला गेलो होतो की काय.

आई हळदीच्या हातांनी धावली. भावाबहिणीची भेट झाल्यावर मामांनी मला खुणेनं ड्रमाआडून काढलं.

“माणूसही नाही आला अन् कारडही नाही, भाचेबुवा,” ते हळू आवाजात म्हणाले. “मार्केटात माल घेऊन आलो तं अडत्यानं सांगतलं. म्हणे, तू रडला अन् बहीण साऱ्या बाजारात सांगून राहिली, लय खूश आहे. म्हटलं, आता रडलोच आहो तं जाऊन येऊ. पुढच्या खेपेले रडवशीन तं आधी कळवत जा.”

मी पाया पडलो. उठायची हिंमत होईना. ते पाकीट संक्रांतीनंतर पोचलं म्हणतात.

तोवर आई विहीणबाईंचा हात धरून त्यांना घेऊन आली. मामीही जवळ येऊन उभ्या राहिल्या.

“हा माझा दादा,” आई म्हणाली. “अक्षत घेताना ढसाढसा रडला. नाही गा दादा?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. “लय रडलो.”

मला वाटलं, सुटलो. पण मामांनी घरी बायकोला काही सांगितलेलं नव्हतं, आणि आईचा वृत्तान्त अजून संपला नव्हता.

“अन् त्या गुरुवारी वहिनीनं याले पुरणाची पोळी वाढली, वरून तुपाची धार.”

मामींनी हातातली पिशवी खाली ठेवली, आधी मामांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “गुरुवारी? गुरुवारी तं मी माहेरी होती वं बाई. पोळी कोणं वाढली याले?”