तिसऱ्या दांडीपाशी वळणारी काडी

बाईंचं मैदान माझ्या सुतारकामाच्या शेडला लागून होतं. मध्ये तारेचं कुंपण आणि कुंपणाला एक छोटं फाटक. अठरा वर्षं मी त्या फाटकातून ये-जा केली. कुत्र्यांनी उडी मारायच्या दांड्या, चढ-उताराच्या फळ्या, मधोमध टेकू दिलेली हलती फळी, नागमोडी पळण्यासाठी ओळीत रोवायच्या बारा काठ्या, हे सगळं मीच करून दिलं होतं. मोडलं की दुरुस्तही मीच करायचो. संध्याकाळी मैदानावरची वाळू दंताळ्याने सारखी करायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, ते कोणी सांगितलं म्हणून नाही. कुत्र्यांतलं मला फारसं कळत नाही. जे पाहिलं तेवढं लिहितो. मांडण्यात चूक झाली तर ती माझी समजावी.

बाई म्हणजे अंगाने काटक, केस घट्ट बांधलेले, पायात कापडी बूट, खिशात उकडलेल्या मांसाचे बारीक तुकडे. नवरा तरुणपणीच गेला. घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोन खोल्या भाड्याच्या. घरात जनावर ठेवायचं नाही ही घरमालकाची अट. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पण जिभेला वय नव्हतं. मला म्हणायच्या, "एवढी कुत्री वळणावर आणली हिने. माझ्या मुलाला कधी वेळेवर घरी आणता आलं नाही."

"तो तुमच्याकडून शिकून आला होता, सासूबाई," बाई आतून सांगायच्या. "मला उशिरा मिळाला."

चार-पाच महिन्यांचं पिल्लू आलं की बाई त्याला पहिले कितीतरी महिने उडी मारू द्यायच्या नाहीत. दांडी जमिनीवर ठेवायच्या आणि पिल्लाला नुसतं त्यावरून चालवायच्या. हाडं कोवळी असतात, म्हणायच्या. मालकांना धीर नसे.

"बाई, तीन महिने झाले, हा अजून जमिनीवरचीच काठी ओलांडतोय."

"तुम्ही चालायला लागलात तेव्हा आईने लगेच जिना दाखवला होता का?"

खरं शिक्षण त्या कुत्र्यांपेक्षा मालकांना जास्त द्यायच्या. माणसाला कुत्र्याशिवाय, रिकाम्या हाताने अडथळ्यांमधून चालायला लावायच्या. कुत्रं आधी तुमचे पाय बघतं, मग खांदा, मग हात, आणि तोंडातला शब्द सगळ्यात शेवटी ऐकतं, हे त्या रोज सांगायच्या. एकदा एक निवृत्त साहेब चिडले. "मी स्पष्ट उजवीकडे म्हणालो होतो."

"तोंडाने म्हणालात," बाई म्हणाल्या. "पोट डावीकडे चाललं होतं. तो पोटामागे गेला."

त्यांचा एकच नियम होता. कुत्रं चुकत नाही, तुम्ही जे सांगितलंत तेच ते करतं. अठरा वर्षांत त्यांनी कुठल्या कुत्र्यावर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

काडी नावाच्या कुत्रीला चष्म्याचं दुकान असलेले एक गृहस्थ घेऊन आले, आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणायचो. पाच महिन्यांची, तपकिरी, नुसते पाय. त्यांच्या बायकोला कुत्र्याच्या केसांनी दम लागायचा, म्हणून तिला दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलेलं. ते सरळ माणूस होते, पहिल्याच दिवशी सांगून मोकळे झाले. "हिला स्पर्धेत पळवायचंय. जमली तर ठेवीन, दुकानामागे नीट सोय करीन. नाही जमली तर भावाचं भंगाराचं आवार आहे, तिथे राखणीला जाईल."

"साखळीला?" बाईंनी विचारलं.

"मग काय, गादीवर झोपून राखण होते?"

तेव्हा काडीचं काय व्हायचं ते बाईंच्या एका शब्दावर होतं, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाही कळलं होतं.

काडी शिकली मात्र झपाट्याने. चौदा-पंधरा महिन्यांची झाल्यावर बाईंनी दांड्या वर घेतल्या आणि ती अशी सुटायची की मला हातातलं काम थांबवावं लागे. बाईंनी खांदा नुसता पुढे केला की ती पुढे, पावलांचा वेग कमी केला की ती जवळ. शब्द तोंडातून निघायच्या आधी ती निघालेली असायची. "काका, हिला मी मनात म्हटलेलं कळतं," एकदा बाई मला म्हणाल्या. एखाद्या कुत्र्याचं असं कौतुक त्या सहसा करत नसत.

मग ती तिसऱ्या दांडीपाशी वळायला लागली. पहिली दांडी, दुसरी दांडी, आणि तिसरी समोर असताना बाई "पुढे" म्हणायच्या, तर काडी दांडी सोडून थेट त्यांच्या पायाशी येऊन उभी राहायची. वर बघायची, शाबासकीची वाट पाहत. बाई पुन्हा सुरुवातीला न्यायच्या. पुन्हा तेच. त्यांनी दांडी खाली घेतली, आठ दिवस विश्रांती दिली, पशुवैद्याकडून पाय तपासून आणले. पायात काही नव्हतं. एका दुपारी मी "लक्ष कुठंय तुझं?" असं ऐकलं आणि मान वर केली. बाई ओरडल्या होत्या. काडी जमिनीला चिकटून बसली होती.

त्याच सुमाराला मला वाळूत एक गोष्ट दिसली. संध्याकाळी दंताळं फिरवताना बाईंच्या पावलांचे ठसे समोर असायचे. उजवं पाऊल स्वच्छ उमटलेलं, आणि डाव्या पावलाच्या पुढे चवड्याने ओढलेली एक बारीक चरी. रोज. पुढे पाहिलं तर पळताना त्यांचा डावा हातही हलत नव्हता, दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. मी घाबरत घाबरत एवढंच म्हणालो, "बाई, बूट बदला एकदा."

"बूट चांगले आहेत की."

मी पुन्हा दंताळं फिरवायला लागलो. अठरा वर्षं शिकवणाऱ्या बाईला तिच्या चालण्याबद्दल मी काय सांगणार, असं वाटलं. घरी सासूबाईंनाही काहीतरी दिसलं होतं. "हल्ली बटणं लावायला हिला अर्धा तास लागतो," त्या म्हणाल्या. "कुत्र्यांसाठी एवढं नटतं का कोणी?" आम्ही तिघंही हसलो होतो.

स्पर्धेचं नाव नोंदवायची तारीख जवळ आली, तसे चष्मेवाले विचारायला आले. मी कुंपणापाशी एका दांडीला पॉलिश पेपर मारत होतो. सगळं ऐकू येत होतं.

"ही कामाची नाही," बाई म्हणाल्या. "लक्ष देत नाही. उडी टाळते."

"नक्की?"

"नक्की. या एका उडीवर दोन महिने घालवले मी."

"अजून थोडे दिवस देऊन काही होईल?"

"मी खोटं सांगून तुम्हाला लटकवणार नाही."

"बाई, शेवटचं विचारतो. नक्की ना?"

"नक्की."

चष्मेवाल्यांनी काडीच्या गळ्यात पट्टा अडकवला. वाळूतल्या त्या चरीची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. मी कागद घासत राहिलो. जाताना काडी दोनदा मागे वळून बाईंच्या पायांकडे बघत होती. मग मोटारीचं दार लागलं.

तीन आठवडे गेले. बाईंच्या हाताखाली शिकलेला एक जुना कुत्रा होता, सगळे त्याला आजोबा म्हणायचे. दुसऱ्या एका मालकाचा, नऊ वर्षांचा, कसलेला. नवीन पिल्लांच्या मालकांना दाखवायला त्या त्यालाच पळवायच्या. त्या दिवशी आजोबा तिसऱ्या दांडीपाशी गेला, अडखळला आणि वळून बाईंच्या पायाशी आला. मागोमाग एक तरुण कुत्रा आणला, तोही वळला. बाईंनी दांडीचं टोक हलवून पाहिलं. मग मला हाक मारली.

"काका, ही दांडी वाकडी बसलीय का बघा जरा."

मी काटकोन तपासायचा गुण्या आणला, पट्टी आणली. दोन्ही खांब मोजले, दांडी पाहिली. "दांडी सरळ आहे," मी म्हणालो.

"मग?"

आता माझ्याकडे घासायला काही नव्हतं. मी बोटाने खाली वाळू दाखवली.

त्या आपल्याच ठशांच्या कडेने चालत गेल्या, आल्या, मग खाली बसून त्या चरीत बोट घातलं. उठायला त्यांना माझ्या हाताचा आधार लागला. मोबाइल त्यांनी खांबाला टेकवून ठेवला, आणि मालकांना लावायच्या तशा स्वतः कुत्र्याशिवाय, रिकाम्या हाताने पळाल्या. मग आम्ही दोघांनी ते चित्रण पाहिलं. तिसऱ्या दांडीपाशी तोंडातून "पुढे" येत होतं, आणि त्याच क्षणी डावा पाय ओढला जात होता, खांदा खाली मागे पडत होता. ये, माझ्याकडे ये, असं ते सगळं अंग सांगत होतं. बाईंनी ते चार वेळा पाहिलं.

"तिने बरोबर ऐकलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत आधी तिनेच ऐकलं."

मग विचारलं, "तुम्हाला कधीपासून दिसतंय हे?"

"दोन महिने असतील."

त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि फाटकाकडे निघाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी बोटं एकमेकांवर आपटून दाखवायला लावली, बाहेरच्या लांब गल्लीत चालवलं, मनगट धरून हात वाकवून पाहिला. कंपवात, म्हणाले. तुमचा हात कापत नाही अजून, म्हणून लक्षात आलं नसेल. औषधांनी लांबवता येईल, थांबवता येणार नाही. मी दाराशी उभा होतो. बाईंनी मान हलवली आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आधी चष्म्याच्या दुकानात जाऊ."

चष्मेवाल्यांनी शांतपणे ऐकलं. "बाई, मी तीनदा विचारलं होतं."

"हो."

"आता ती भावाची आहे. त्याला विचारा. मी मध्ये पडणार नाही."

भंगाराचं आवार मोठं होतं. एका बाजूला मोटारींची दारं, दुसरीकडे पत्रे, मध्ये जमिनीत गाडलेला लोखंडी पाइप आणि त्याला साखळी. साखळी जेवढी पोचायची तेवढं वर्तुळ जमिनीत खोल उमटलं होतं, आणि त्याच्या आत गवताची काडीसुद्धा उरली नव्हती. आम्हाला पाहून ती भुंकत कडेपर्यंत आली, साखळीने मागे खेचली गेली. मग बाईंचा आवाज ऐकून गप्प झाली. पट्ट्याने घासलेल्या मानेवरचे केस गेले होते. तिने वर तोंडाकडे पाहिलंच नाही, बाईंच्या पायांकडे पाहत राहिली.

भाऊ अदबीने बोलले. "ही आल्यापासून तांब्याची तार एकदाही चोरीला गेली नाही, बाई. देऊ कशी?"

"मी दुसरं कुत्रं आणून देते."

"त्याला पुन्हा शिकवत कोण बसणार? ही छान शिकलीय."

"चूक माझी होती. ती चांगली कुत्री आहे, स्पर्धेची आहे."

"चूक तुमची असेल. माझं काम चाललंय ना."

बाईंनी आणखी दोन-तीन वेळा विचारलं. हात जोडले नाहीत, पण आवाज तसाच झाला होता. ते नाही म्हणाले, तेही न चिडता. मी काय बोललो ते मला आजही नीट आठवत नाही. एवढं सांगितलं की पाइपापासून फाटकापर्यंत वरून जाड तार ताणली आणि साखळी कडीने तारेवर सोडली, तर कुत्री तारेच्या लांबीएवढी फिरेल.

"म्हणजे फाटकही सांभाळेल?" त्यांनी विचारलं.

"सांभाळेल," बाई म्हणाल्या.

"मग टाका."

दोन खांब रोवून मी तार ताणली. चाळीस फूट. कडी घातली, साखळी अडकवली. काडी उठली, चालत वर्तुळाच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. पुढे मोकळं होतं, साखळी ढिली होती, तरी ती पाऊल टाकेना. जिथे मानेला हिसका बसायचा ती जागा तिला पाठ झाली होती.

बाई अकरा दिवस त्या आवारात आल्या. एका उलट्या पिंपावर बसायच्या. उभ्या राहायच्या नाहीत, म्हणजे पाय काही खोटं सांगणार नाहीत. डावा हात खिशात घालून टाकायच्या, उजवा गुडघ्यावर. कडेच्या बाहेर वीतभर अंतरावर मांसाचा तुकडा ठेवायच्या आणि एकच शब्द, हळू आवाजात, एकदाच. "पुढे." मग वाट बघायची. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी काडीने मान लांब करून तुकडा उचलला, पाय आतच. तिसऱ्या दिवशी एक पंजा बाहेर पडला आणि ती स्वतःच दचकून मागे पळाली. बाईंनी घाई केली नाही, शब्द दुसऱ्यांदा उच्चारला नाही. रोज वीत-दोन वीत. मी पिंप सरकवून द्यायचो, तेवढंच माझं काम. अकराव्या दिवशी काडी तारेवरची कडी खणखणवत शेवटपर्यंत गेली आणि फाटकाच्या खांबाशी थांबली.

आम्ही निघालो तेव्हा भाऊंनी फाटक ओढून घेतलं. आतून काडी आमच्यावर भुंकली, रस्त्याने जाणाऱ्या कोणावरही भुंकावं तशी. बाई थोडा वेळ उभ्या राहून ऐकत होत्या.

त्यानंतर त्यांनी मैदान बंद केलं. प्रत्येक मालकाला स्वतः कारण सांगितलं, दुसरीकडे कुठे जायचं तेही सांगितलं. आता त्या खोलीबाहेर फारशा येत नाहीत. सासूबाई त्यांची बटणं लावून देतात आणि काही बोलत नाहीत. महिन्यातून एकदा मी तारेला तेल लावायला आवारात जातो. काडी मला आत सोडत नाही, भाऊ येऊन धरतात तेव्हा काम होतं. परतताना मी बाईंकडे डोकावतो.

"भुंकली का?" त्या विचारतात. हल्ली त्यांचा आवाजही बारीक झालाय, जवळ जाऊन ऐकावं लागतं.

"भुंकली."

"कुठून?"

"फाटकापासून," मी सांगतो.