आगरदांड्याच्या जेट्टीवर चार्जिंगचा लाल दिवा

परवा आईला घेऊन तिच्या माहेरी, श्रीवर्धनला निघाले होते. बाबांच्या जुन्या गाडीने... बाबा गेल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती, आणि जायचं तर याच गाडीने, असा तिचा हट्ट.

मुरुड सोडलं आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागला. म्हणजे डायनॅमो बॅटरीला करंट देत नाहीये. आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत कशीबशी आले. फेरीबोट अजून पलीकडे, दिघीला होती.

गाडी बोटीतच बंद पडली तर? परत फिरावं असं मनात आलं... पण आई मांडीवरचा वड्यांचा डबा सावरत पलीकडचा किनारा बघत बसली होती.

बॉनेट उघडलं. डायनॅमो फिरवणारा पट्टा घट्ट होता. बॅटरीला मीटर लावला, तर इंजिन चालू असूनही आकडा बारा व्होल्टवरून वर चढेना. मग इंजिन बंद करून डायनॅमोच्या वायरी एकेक हलवून पाहिल्या. एकीचं टोक खाऱ्या हवेने पार हिरवं पडलं होतं. ते काढलं, पॉलिश पेपरने घासलं, परत आवळून बसवलं.

आता रेस द्यायला कुणीतरी हवं होतं. इंजिन जरा पळवल्याशिवाय या गाडीचा दिवा विझत नाही. कुणाला हाक मारावी म्हणून इकडेतिकडे बघतेय, तर आईच उठून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.

आईला गाडी चालवता येत नाही. पण तिने गिअर न्यूट्रलला आहे ना बघितलं, चावी फिरवली, हलकेच रेस दिली.

"तुला कसं येतं हे?" मी विचारलं.

"ते बॉनेटमध्ये वाकायचे, मी रेस द्यायचे. दिवा गेला की सांगायचं, एवढंच माझं काम."

मी पुन्हा मीटर धरून वाकले. इंजिनाचा आवाज वाढला, आकडा तेराच्या पुढे सरकला... आणि बॉनेटपलीकडून आईचा आवाज आला, अगदी मऊ.

"गेला हो."

मला ती 'अगं' म्हणते. 'हो' कधीच नाही.

उघड्या बॉनेटमुळे तिला मी दिसत नव्हते. बोट धक्क्याला लागली, मागची गाडी हॉर्न द्यायला लागली... तरी मी बॉनेट लगेच खाली घेतलं नाही.

अजून थोडा वेळ तिच्यासाठी इथे बाबाच उभे असू देत, असं वाटलं.