माणसाएवढं सूत
परवा भिजलेल्या सुंभाचा वास आला आणि पंच्याहत्तर सालच्या आसपासचं आमचं सोलापुरातलं मागाचं घर आठवलं. लुगडी विणणं सोडून मी तेव्हा मागच्या खोलीत सूत आणि सुंभ गाठी मारमारून माणसाएवढं काहीतरी उभं करत होते. ते काय होतं हे मलाही सांगता येत नव्हतं, म्हणून दार लावून घ्यायची. शेजारणीनं खिडकीतून पाहिलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "सून करणी करतीय तुमची. तितं बिनतोंडाचं माणूस उभं हाय की." सासरे कातर घेऊन आले. त्याच्याभोवती फिरले, हुंगलं, गाठी दाबून पाहिल्या. "हे नेसायचं कुणी?" त्यांनी विचारलं. "कुणीच नाही, मामा. ते नुसतं उभं राहणार." त्यांनी पोटाजवळच्या गाठी कापल्या आणि लिंबू, केस, काहीतरी सापडेल म्हणून कोपरापर्यंत हात आत घातला. आत सूतच होतं. काहीच निघालं नाही, याचाच त्यांना जास्त संशय आला. त्यानंतर त्यांनी माझ्या हातचा चहा कधी घेतला नाही. आता माझी शिल्पं बघायला लोक येतात, लांबून कौतुक करतात. आत हात घालून बघावं असं मात्र मामांनंतर कुणालाच वाटलं नाही.