मॅडम, टूलबार गेला

देवरीच्या एका ट्रेनिंग सेंटरात अल्का रामटेके नकाशे काढायला शिकवते, असं नेमणुकीच्या कागदावर होतं. खरं सांगायचं तर सहा वर्षं ती हरवलेले टूलबार शोधून देत होती. सकाळी पोरं यायची, कम्प्युटर सुरू करायची, आणि अल्कानं खांद्यावरची पर्सही काढलेली नसायची तोच पहिल्या रांगेतून हाक यायची, "मॅडम, टूलबार गेला."

टूलबार जातो म्हणजे काय होतं, हे ज्यानं हे काम केलं नाही त्याला सांगायला हवं. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या कडेला बारक्या चित्रांच्या पट्ट्या असतात. रेघ ओढायला एक चित्र, गोल काढायला एक, पुसायला एक, माप टाकायला आणखी एक. पट्टी हवी तिथं नेता येते, नको ती बंद करता येते, आपल्या कामाची चित्रं निवडून नवी बांधताही येते. सोय म्हणून केलेली गोष्ट. पण नवशिक्याच्या हाती पडली की माकडाच्या हाती कोलीत: चुकून बंद करतो, आणि परत कशी आणायची ते त्याला कळत नाही. पट्ट्यांना कुलूप लावायची सोयही असते, पण त्या आपल्या हातानं मांडणं हा अभ्यासक्रमाचाच भाग, म्हणून तेही लावता येत नव्हतं.

मग अल्का जायची. वाकायची, टूलबारांची यादी उघडायची, खुणा करायची, पट्ट्या ओढून कडेला लावायची. एकाचं झालं की दुसरा तयारच. दहादा समजावण्यापेक्षा आपणच करून मोकळं व्हावं, असं तिनं पहिल्या वर्षी ठरवलं आणि तिथंच ती फसली. निम्मा तास त्यात जायचा, कंबर धरायची. अर्जुनी मोरगावकडे तिच्या आईला वाटायचं, पोरगी पंख्याखाली बसून नोकरी करते. बसायला मिळत नव्हतं ते त्या खोलीत एकट्या अल्कालाच.

आता गोंदियाच्या एका इंजिनियरनं तिला बोलावलं होतं. सोमवारी या, माझ्यासमोर एका लहानशा घराचा नकाशा काढून दाखवा, जमलं तर दुसऱ्या दिवसापासून कामाला लागा. अल्का आठवडाभर त्याला नुसतं "सांगते" म्हणत होती. जायचं तर होतं, फार जायचं होतं. पण सहा वर्षांत तिनं स्वतः एक घरही पूर्ण काढलं नव्हतं. आयटीआयमध्ये तिच्यासारखा सफाईदार हात कोणाचा नव्हता, आणि तो हात आता उरलाय का, याची तिला भीती वाटत होती. ही भीती सांगायची तरी कोणाला? शिकवणाऱ्या बाईलाच काढता येत नाही म्हटल्यावर लोक हसतील नाही तर काय.

त्यात यंदा कहर झाला. एखाददुसरा नाही, रोज सकाळी सगळ्याच कम्प्युटरवरचे टूलबार नाहीसे. अल्काचा संशय मागच्या रांगेतल्या टवाळ पोरांवर. तिनं त्यांना खडसावलं, बाहेर उभं केलं, पण दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी ती घरी निघाल्याचं दाखवून व्हरांड्यात थांबली.

आत होती ती मंगली. मंगली मडावी, चिचगडकडची, वर्गात वयानं सगळ्यांत थोरली. शाळा सुटल्यावर बरीच वर्षं शेतात आणि तेंदूपत्त्याला राबून मग शिकायला आलेली. तिच्या गावची बस उशिरा, म्हणून ती रोज मागे थांबायची. आता ती एकेका कम्प्युटरपुढे बसत होती, कडेची प्रत्येक पट्टी धरून मध्ये ओढत होती आणि सावकाश बंद करत होती. चोरून काही करतेय असा भाव तिच्या तोंडावर नव्हता. घासलेली भांडी पालथी घालावीत तसं तिचं चाललं होतं.

अल्काच्या डोक्यात राग गेला आणि तोंडात गावची बोली आली. "काऊन करून राहिली हे?"

मंगली दचकली नाही. "काम झालं ना, मॅडम. आमच्या घरी हत्यार रातभर उघडं टाकत नाही. कुऱ्हाड असो का इळा, पुसून जागेवर ठेवाचा. दिवसभर राबते बिचारं. पोरं तसेच टाकून जाते, मंग मीच ठेवून देतो."

पहिल्याच दिवशी अल्कानं वर्गाला सांगितलं होतं, ही चित्रं म्हणजे तुमची हत्यारं. तिनं ते दरवर्षीच्या सवयीनं सांगितलं होतं. मंगलीनं मनावर घेतलं होतं.

मग सकाळी ही हत्यारं बाहेर कोण काढणार, असं अल्कानं विचारलं. मंगलीला प्रश्नच कळेना. ज्याचं त्यानं काढायचं, त्यात काय. तिची बस सकाळीही उशिराच पोचायची, त्यामुळे वर्गातला तो आरडाओरडा तिनं कधी ऐकलाच नव्हता. ती यायची आणि आपल्या पट्ट्या गुपचूप मांडून कामाला लागायची. हिनं वर्षभरात आपल्याला एकदाही हाक मारली नाही, हे अल्काच्या आत्ता लक्षात आलं. तिचा राग उतरला आणि मागे नुसता थकवा उरला.

मंगलीनं शेवटचा कम्प्युटर आवरला आणि सहज विचारलं, "मॅडम, तुमची हत्यारं कोनत्या कम्प्युटरवर हायेत? तेवढी सापडली नाही मले. तुमची बी ठेवून दिली असती."

या खोलीतल्या प्रत्येक पडद्यावर अल्कानं पट्ट्या मांडल्या होत्या, त्यातली एकही तिची नव्हती. वाईट वाटलं, आणि फार वाटलं. मंगली बसला निघून गेली तरी ती तशीच उभी होती.

मग ती बसली. कोऱ्या पडद्यावर तिनं पहिली पट्टी आणली आणि हात अडला. आपल्याला ती कुठं लागते, हेच आठवेना. डावीकडे लावली, वर नेली, पुन्हा डावीकडे आणली. मापांची पट्टी खाली ठेवल्यावर हात आपसूक तिकडे वळला, तेव्हा कुठं जीवात जीव आला. तिनं एक भिंत ओढली, तिला दार ठेवलं, मग दुसरी भिंत. रेघा थोड्या चाचपडत आल्या, पण आल्या.

तिनं तिथूनच गोंदियाला फोन लावला, सोमवारी येते म्हणाली. पगार, सुट्ट्या काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, की तिथं तिला मिळेल त्या कम्प्युटरवर आणखी कोण बसतं.

इंजिनियर गोंधळला. "और कौन बैठेगा, मॅडम? आपका है तो आप ही बैठोगे."

अल्कानं बरं म्हणून फोन ठेवला आणि डोळ्यांना पदर लावून ती बराच वेळ रडली.