भिंतीला पाडलेलं भोक

आक्का, मी निपाणी सोडली त्या सकाळी कोल्हापूरच्या एसटीत आईनं खिडकीतून वाकळ आत कोंबली होती, आठवतं? जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी. आईचं सारं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं, त्यामुळं वाकळेला वास असा, की शेजारचा माणूस कागलपर्यंत शिंकत होता. "दोघंबी दोन वर्सांत माघारी या गं," आई म्हणाली. मी "व्हय" म्हटलं.

इंग्लंडात त्या दोन वर्षांची दहा झाली. छोटंसं घरही घेतलं, पण भिंतीला खिळा ठोकला नाही. परत तर जायचंय! कॅलेंडरसुद्धा फळीवर टेकवलेलं. वाकळ कधी धुतली नाही, वास जाईल म्हणून.

मग ऐंशी सालानंतरच्या एका हिवाळ्यात आई आली. वाकळ हुंगून तिनं कपाळाला हात लावला आणि तडक ती टबात बुडवली. आठ दिवस झाले तरी वाकळ ओलीच. कुबट वास यायला लागला, तेव्हा आम्ही कपडे वाळवायचं यंत्र आणायला निघालो.

दुकानात दोन तऱ्हा. एकाची वाफ जाड नळीतून बाहेर जाते, त्यासाठी भिंतीला भोक पाडायचं. दुसरं वाफेचं पाणी करून टाकीत साठवतं, भिंत शाबूत. आमच्या ह्यांनी लगेच दुसऱ्यावर हात ठेवला. "भिंत कशाला फोडायची? आपण काय इथं कायमचे आहोत?"

मी आईला दोन्ही समजावून सांगितली.

"वाफ कोंडली की माल कुजतोय, वखारीत लई बघितलंय," आई म्हणाली. "जावईबापू, पाडा की भोक!"

"अगं, पण आम्ही परत येणार..."

"कवा? धा वर्सं झाली. माझ्या बोलण्यापायी खिळा ठोकाया भितीस व्हय गं? ते दोन वर्सांचं मी माघारी घेतलं बघ. सुखानं ऱ्हावा."

मी भर दुकानात रडले आणि लगेच हसलेही. दहा वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं होतं.

भोक पाडलं. वाकळ कशीबशी यंत्रात बसवली आणि आम्ही मायलेकी शाली गुंडाळून परसात भिंतीपाशी उभ्या राहिलो. गरम वाफेचा लोट आला, आणि त्यात चक्क तंबाखूचा वास! कुंपणापलीकडची गोरी शेजारीण शिंकली. आई हसून हसून खालीच बसली. "आली बघ निपाणी!"

हातोडी बाहेर होतीच. कॅलेंडर त्याच दिवशी भिंतीवर चढलं.

घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मी त्या भोकाकडं बोट दाखवते. आक्का, आता तू ये. आईचं एक लुगडं मात्र न धुता आण.